कोरडा खड्डा

६ जानेवारी

दादा,

वर काय लिहावं यातच दोन कागद फुकट गेले. ‘आदरणीय’ लिहिलं तर तुम्ही म्हणाल, याला काहीतरी हवंय. ‘प्रिय’ लिहिलं तर वहिनी हसतील. म्हणून नुसतं ‘दादा’. नऊ वर्षांत हा शब्द मी कुणासाठीच वापरला नाही, हे लिहिताना लक्षात आलं. गिऱ्हाइकाला मी साहेब म्हणतो आणि पैसे बुडवणाऱ्याला मालक.

अक्षर ओळखलंत ना? तुमच्या हाताखाली पाच वर्षं गळत्या शोधत फिरलेला, ज्याला तुम्ही ‘कान्या’ नाव ठेवलंत, तोच मी. बाजारात आता मला पंपवाले शेठ म्हणतात. पण पाठीमागून कुणी ‘कान्या’ म्हणालं तर अजून मान वळते.

काल तुमचा गोदामवाला दुकानात आला होता. पूर्वी खात्यासाठी वायसर न्यायला यायचा, काल स्वतःच्या घरचा पंप विकायला आला. मी विचारलं, “का रे, विहीर आटली का?” तर म्हणाला, “विहीर भरलीय, खिसा आटलाय. चार महिने पगार नाही. आमच्या पाणीखात्यात पाणी आहे, खात्यात काही नाही.” हसला. मीही हसलो.

त्याच्याकडूनच वहिनींचं कळलं. आयुष्यभर रस्त्यातल्या झडपा फिरवणाऱ्याच्या घरात काळजाची झडप बिघडावी, याला काय म्हणायचं? एकोणीस फेब्रुवारी ही शस्त्रक्रियेची तारीख मिळालीय आणि त्याआधी पैसे भरायचेत, इतकं तो बोलला. पुढचं मी खोदून काढलं. तुम्ही मुदतीआधी निवृत्तीचा अर्ज दिलाय. पंधरा फेब्रुवारीला तो लागू होणार आणि हातात येईल ती रक्कम रुग्णालयात जाणार.

दादा, पूर्ण पेन्शनला तुमचे चौदा महिने उरलेत. चौदा! ते सोडलेत तर जन्मभर पेन्शन कापून मिळेल, आणि पंप हाऊसमागच्या दोन खोल्याही सोडाव्या लागतील. त्या खोल्या मला अजून पाठ आहेत. मोठा पंप सुरू झाला की मांडणीवरच्या कपबशा किणकिणायच्या आणि वहिनी आतून म्हणायच्या, “पाहुणे आले वाटतं.” दारात बहुतेक वेळा मीच असायचो, भुकेला.

सोबत चेक आहे. अंगात जोर असेल तर माझ्याशी भांडायला वेळ काढा, पण चेक आधी बँकेत टाका.

तुमचा
कान्या


१५ जानेवारी

दादा,

चेक परत आला. माझंच पाकीट उलटं करून, आतली बाजू बाहेर काढून चिकटवलेलं. तुमची काटकसर अजून शाबूत आहे हे पाहून बरं वाटलं. आत मजकूर चार शब्दांचा. ‘चेक पोचला. परत पाठवलाय.’ खात्याच्या डायरीत तुम्ही असंच लिहायचात. ‘ऐकलं. गळती नाही.’

बरं. माझा पैसा नको, पण तुमच्या हक्काचा चालेल ना? मी धंदेवाला माणूस आहे. एक दार बंद झालं की मी मागच्या दाराने शिरतो, आणि मागचं दार नसेल तर वॉचमनशी ओळख काढतो.

पहिल्यांदा भविष्य निर्वाह निधी पाहिला. तो तुम्ही लेकीच्या नर्सिंगच्या शिक्षणाला आधीच उचललाय. उरलाय त्याला निवृत्तीपर्यंत हात लावता येत नाही. म्हणून गेलो तुमच्या पतपेढीत. तिथले व्यवस्थापक मला ओळखतात, त्यांच्या गच्चीवरचा पंप माझाच आहे. म्हणाले, “कर्ज लगेच देतो. शेवटच्या तीन महिन्यांची पगारपत्रकं आणा.”

मी म्हटलं, “पगारच नाही, तर पत्रक कुठलं?”

“मग त्यांना कर्ज कशाला हवंय?”

“पगार नाही म्हणून!”

“तेच तर मी म्हणतोय शेठ. पगार नसलेल्याला कर्ज कसं देणार?”

माणूस अगदी प्रामाणिकपणे बोलत होता, त्यामुळे भांडताही येईना. त्यांचा पंप घरघर करत होता, तो मात्र मी यावेळी फुकट पाहिला नाही.

आता एक गोष्ट. चेक तुम्ही का परत केलात ते मला ठाऊक आहे. नऊ वर्षांपूर्वी नव्या जागेत दुकान मांडलं त्या दिवशी तुम्ही आणि वहिनी आला होतात. नवा शर्ट घातला होतात. मी तुम्हाला गल्ल्याच्या खुर्चीत बसवलं. माणसं जमली होती, चहा चालला होता, आणि तुमच्याच खात्यातला तो खोदणाऱ्या टोळीचा मुकादम मोठ्याने बोलला, “दादांना जपून बसवा. त्यांनी खूण केली की शेजारची विहीरही आटते.” सगळे हसले. गळतीची खूण पाहून खोदला आणि कोरडाच निघाला, त्या खड्ड्याची गोष्ट सगळ्यांना माहीत होती.

मीही हसलो. मोठ्याने.

तुम्ही कप बशीत ठेवलात, वहिनींना म्हणालात, “चला,” आणि निघालात. मी मागे आलो नाही. गिऱ्हाईक होतं, अशी समजूत मी करून घेतली. गिऱ्हाईक नव्हतं.

त्याबद्दल माफी मागायला नऊ वर्षं लागली. शहाण्या माणसाला नऊ मिनिटं पुरली असती.

कान्या


२२ जानेवारी

दादा,

पत्राला उत्तर नाही. ठीक. गोदामवाला म्हणाला की तुम्ही ते वाचून घडी घालून खिशात ठेवलंत. फाडलं नाहीत, एवढ्यावर मी तूर्त खूश आहे.

या आठवड्यात मी तुमच्या मुख्य कचेरीत तीनदा गेलो. आस्थापना विभागात एक हेडक्लार्क बाई आहेत, सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात. चष्मा दोरीला, दोरी गळ्यात, आणि तोंडावर कायम असा भाव की समोरचा अर्धं खोटं बोलतोय. माझ्या बाबतीत त्या फार चुकल्या नाहीत. त्यांनीच सांगितलं की कर्मचाऱ्यांचा कल्याण निधी आहे, तीस वर्षं तुमच्या पगारातून त्याची वर्गणी कापली जातेय. पगार थकला असेल आणि घरात मोठं आजारपण असेल, तर तो निधी रुग्णालयाला थेट पैसे देतो. परत करायचे नसतात. कर्ज नाही की भीक नाही, तुमच्याच वर्गणीतून आलेलं.

मी टाळी वाजवणार होतो. बाई म्हणाल्या, “टाळी थांबवा. दादांनी ऑक्टोबरात अर्ज केला होता. नामंजूर झाला. निधीचा नियम आहे, सेवापुस्तकात शिक्षेची नोंद नको. यांच्या आहे. बावीस वर्षांपूर्वी एक वेतनवाढ कायमची रोखली, कामात निष्काळजीपणा. छापखान्याच्या गल्लीतलं काही प्रकरण.”

मी म्हटलं, “अस्सं.”

“तुम्ही तेव्हा खात्यात होतात ना?”

“हो, होतो. हंगामी.”

“मग तुम्हाला आठवत असेल.”

“बावीस वर्षं झाली बाई,” मी म्हटलं, आणि घाम पुसला. बाहेर तर थंडी आहे.

नोंद जुनी आहे, नवा पुरावा आला तर खोडता येते असं त्या म्हणतात. बघतो काय करता येतं.

तिथून चालत घरी आलो. गाडी कचेरीसमोरच राहिली, बायकोने विचारल्यावर आठवली. वाटेत आपले सगळे रस्ते लागले. तुम्हाला आठवतं, उजाडता उजाडता आपण निघायचो, गाड्या सुरू व्हायच्या आत? तुमच्या खांद्यावर ती लोखंडी काठी, वर लाकडाची वाटी. खालचं टोक झडपेवर टेकवायचं, वाटीला कान लावायचा, डोळे मिटायचे. पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणालात, “तोंड जरा उघडं ठेव. दातांवर दात असले की माणसाला स्वतःचंच डोकं ऐकू येतं.” मला तर पहिला महिनाभर जगातल्या सगळ्याच गोष्टी गळती वाटायच्या. एकदा मी छातीठोकपणे सांगितलं, दादा, इथे फुटलीय लाईन. तुम्ही कान लावलात, थोडा वेळ ऐकलंत आणि म्हणालात, “ही गळती नाही. आत मास्तर गुळण्या करतायत.”

मग तुम्ही दार वाजवायचात. “बाई, दोन मिनिटं नळ बंद ठेवा, तुमच्या रस्त्याचं पोट तपासतोय.” आणि ती कोपऱ्यावरची म्हातारी एकदा फटकन म्हणाली होती, “तपासा हो. आणि माझे गुडघे कधी तपासणार?” त्यानंतर दर वेळी तुम्ही आधी तिच्या गुडघ्यांची चौकशी करायचात, मग पाण्याची.

पाय दुखेपर्यंत चाललो. फार दिवसांनी.

कान्या


२८ जानेवारी

दादा,

हे पत्र चौथ्यांदा लिहितोय. आधीची तीन चांगली जमली होती, म्हणूनच फाडली.

छापखान्याच्या गल्लीतली खूण तुमची नव्हती. माझी होती.

आता सगळं क्रमाने सांगतो. त्या सकाळी तुम्ही तासभर ऐकलंत. छापखान्यासमोर बसून, उठून, पुन्हा बसून. मग खडूने खूण केलीत आणि म्हणालात, “इथेच. हातभरही इकडेतिकडे नाही.” तेवढ्यात पंप हाऊसवरून निरोप आला, झडप अडकलीय. जाताना तुम्ही मला एकच सांगितलंत. “टोळी येईपर्यंत इथेच उभा राहा. खूण राखायची.”

मी राखली नाही. मोठ्या रस्त्यावर पंप दुरुस्तीचं दुकान होतं, त्याचा म्हातारा मालक बरेच दिवस मला खुणावत होता. त्याला मुलगा नव्हता, मला बाप नव्हता. मी म्हटलं, टोळी यायला अर्धा तास तरी आहे, तोवर बोलून येऊ. त्याने चहा मागवला. भागीदारीचं बोलणं त्या चहावर पक्कं झालं. आजचं माझं दुकान, घर, पोरांची शिक्षणं, हे सगळं त्या एका चहातून निघालं.

परत आलो तर छापखान्याच्या बाईने पायरी धुऊन बादलीभर पाणी रस्त्यावर लोटलेलं. खूण गेली. टोळीचा ट्रक कोपऱ्यावर हॉर्न देत होता. काठी माझ्या हातात होती दादा. दहा मिनिटं ऐकलं असतं तर जागा सापडली असती, कान तर तुम्हीच तयार केला होता. पण ऐकायला बसलो असतो तर मुकादमाने विचारलं असतं, खूण कुठाय, आणि मग, तू कुठे होतास. मला एवढंच आठवलं की खूण दारापासून सात पावलांवर होती. सात पावलं मोजली आणि खडू ओढला.

छापखान्याला दोन दारं आहेत. एक माणसांचं, एक कागदाच्या रिळांचं. मी चुकीच्या दारापासून मोजली.

पाच फूट खोदलं, माती राखेसारखी कोरडी. तुम्हाला बोलावलं. तुम्ही खड्ड्याच्या काठावर उभे राहून आत पाहिलंत, मग माझ्याकडे पाहिलंत. मुकादम हसत होता. तिसऱ्या दिवशी खऱ्या जागी जमीन खचली, छापखान्याची भिंत तडकली, रिळं भिजली. चौकशी बसली. साहेबांनी तुम्हाला आत बोलावलं तेव्हा मी व्हरांड्यात दाराला लागून उभा होतो. तुम्ही म्हणालात, “खूण माझी आहे.” मी ऐकलं. सुटलो असं वाटलं. हंगामी माणूस, मला तर त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. दोन महिन्यांनी मी स्वतःच राजीनामा देऊन दुकानात गेलो. तुम्हीच मला सोडायला आलात आणि म्हातारा मालक बघत असताना म्हणालात, “याचा कान सोन्याचा आहे, सांभाळा.”

एक वेतनवाढ कायमची बंद, बावीस वर्षं. त्याचा हिशोब मी इथे मांडणार नाही. माझा करून झालाय, आणि तुमच्या घरात तो रोज होत असणार.

आणि त्याच खड्ड्याच्या विनोदावर मी तुमच्यासमोर हसलो.

काल बायकोला सांगितलं. ती धान्य निवडत होती, हात थांबला. “बावीस वर्षं हे पोटात ठेवून माझ्या शेजारी घोरत होतात?” मी तिच्या सुपातला एक खडा वेचला. “दुकानाच्या पाटीवर ‘विश्वासाचं नाव’ लिहिलंय ना, ते आधी पुसा.” पुन्हा निवडायला लागली, थोड्या वेळाने म्हणाली, “आणि पुसायचं नसेल तर उद्या कचेरीत जाऊन हे लिहून द्या. पाटी रंगवायला खर्च येतो.”

आज देऊन आलो. सही, तारीख, अंगठाही मागितला असता तर दिला असता.

कान्या


४ फेब्रुवारी

दादा,

काम अडलं होतं, पण आता सुटेल असं दिसतंय. नीट वाचा.

माझा जबाब मोठ्या बाईंनी दोनदा वाचला. मग चष्मा काढून म्हणाल्या, “शेठ, तुमचं नाव खात्याच्या ठेकेदारांच्या यादीत आहे. हे पुढे पाठवलं तर ते राहील का, सांगता येत नाही.” मी म्हटलं, “बाई, ती काळजी मी करतो. तुम्ही दादांचं बघा.”

“दादांचंच बघतेय. तुमचं खरं धरलं, तर त्यांनी चौकशीत खोटं सांगितलं असं होतं. खोट्या जबानीला वेगळी शिक्षा आहे. एक नोंद खोडायला जाल आणि दुसरी लावून घ्याल.”

तुमचं भलं करायला निघालो आणि तुम्हाला आणखी खोल घालणार होतो. म्हटलं, “मूळ फाइल मिळेल?” बाई म्हणाल्या, “मिळेल की नाही ते उंदरांना विचारायला हवं.” पण उठल्या. दुपार गेली. शेवटी कपाटावरून एक गठ्ठा निघाला, त्यावरची धूळ बाईंच्या कपाळावर. चौकशीचा जबाब प्रश्नोत्तरात लिहिलेला, शब्दन् शब्द. त्या वाचू लागल्या.

‘प्रश्न: खूण कोणी केली? उत्तर: खूण आमची आहे.’

‘प्रश्न: म्हणजे तुमची ना? उत्तर: आमची म्हटलं ना.’

खाली साहेबांचा शेरा: ‘कर्मचाऱ्याने आपली चूक कबूल केली आहे.’

मी म्हटलं, “पुन्हा वाचा.” बाईंनी पुन्हा वाचलं. मी कागद हातात घेऊन स्वतः वाचला. आमची.

दादा, मी व्हरांड्यात होतो. दार उघडं होतं. पाण्याच्या नळीतून चार घरांपलीकडची गळती ऐकणारा माझा कान. आणि मी बावीस वर्षं स्वतःला शपथेवर सांगत आलो की तुम्ही ‘माझी’ म्हणालात. तुम्ही ‘आमची’ म्हणालात. माझ्या सोयीचं जे होतं ते मी ऐकलं.

बाई म्हणाल्या, “मोठी माणसं स्वतःला आम्ही म्हणतात, साहेबांना वाटलं हाही तशातलाच. पण आमची म्हणजे एकट्याची नव्हे. तुमचा जबाब जोडला तर यात खोटं काहीच नाही. एका जोडीतल्या दोघांपैकी एकाची खूण, वरिष्ठाने जोडीची म्हणून सांगितली. चूक लिहून घेणाऱ्याची.” मग त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुम्ही बसा जरा. पाणी पिता का?”

बसलो. मग आणखी एक उलगडलं. खड्ड्याच्या काठावरून तुम्ही माझ्याकडे पाहिलं होतंत, तेव्हाच तुम्हाला सगळं कळलं होतं. तरीही तुम्ही मला पाचव्या दिवशी घरी जेवायला बोलावलंत. दुकानात सोडायला आलात. नव्या जागेच्या दिवशी नवा शर्ट घालून आलात. तेरा वर्षं तुम्ही मला धरून राहिलात. सुटलो तो मी, त्या एका हसण्याने.

आता काम. बारा तारखेला अकरा वाजता सुनावणी आहे. त्याच दिवशी दुपारी निधीची बैठक बाईंनी ओढून आणलीय. फाइलीला पाय नसतात, पण बाईंना आहेत. तुम्ही आलात तर उत्तम, तुम्हाला एकच प्रश्न विचारतील. नाही आलात तरी मी उभा राहणार आहेच. पण निवृत्ती मागे घेण्याच्या अर्जावर तुमचीच सही लागेल, ती मला करता येत नाही. करता आली असती तर हा पत्रव्यवहार मी केव्हाच आटोपला असता.

या दादा. माझ्यासाठी नको. चौदा महिन्यांसाठी या.

कान्या


१२ फेब्रुवारी

दादा,

आजचं सगळं तुमच्यासमोरच घडलं, मग पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. शेवटी कारण सांगतो.

तुम्ही जिना चढून येताना दिसलात तेव्हा मी आधी ओळखलंच नाही. केस सगळे पांढरे. पण एक पायरी चढून थांबायची, ऐकल्यासारखं करायची सवय तीच. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत आणि बाकावर मधे एक जागा सोडून बसलात. ती एक हाताची जागा मी अकरा वाजेपर्यंत बघत होतो.

साहेब तरुण निघाले. जबाब वाचला, मला दोन प्रश्न विचारले, मी सांगितलं. सात पावलं, दोन दारं, चहा, सगळं. मग साहेब तुमच्याकडे वळले. “आमची म्हणजे कोणाची?”

“दोघं होतो साहेब. दोघांची.”

“मग तेव्हा याचं नाव का नाही सांगितलं?”

“कुणी विचारलं नाही. आमची म्हटल्यावर कोण कोण, असं विचारायचं असतं.”

मोठ्या बाईंना खोकला आला. साहेब खाली बघून लिहीत राहिले, पण दाबलेल्या हसण्याने त्यांची पेनवाली मूठ हलत होती. मग म्हणाले, “पण दादा, तुम्ही त्याला वाचवलंत. कशासाठी?”

तुम्ही म्हणालात, “ऐकायला चांगला होता साहेब. अशी माणसं सारखी मिळत नाहीत.” ‘होता’ म्हणालात, ते मला बरोबर ऐकू आलं.

नोंद खोडली. दुपारी निधीने रुग्णालयाच्या नावे पत्र दिलं. निवृत्ती मागे घेण्याच्या अर्जावर तुम्ही सही केलीत, चष्मा नसल्याने कागद लांब धरून. माझं नाव यादीतून दोन वर्षं काढलंय. हे तुम्हाला कळवायचं नव्हतं, पण गोदामवाला कळवेलच, म्हणून मीच सांगितलं. दोन वर्षं खात्याचे पंप दुसरा कुणी पाहील. ऐकणार नाही, नुसतं बघेल. पगाराचं मात्र अजून कुणाला काही ठाऊक नाही. मोठ्या बाईंनाही बिनपगाराचा पाचवा महिना लागलाय. मी त्यांना निधीच्या अर्जाचं विचारलं तर म्हणाल्या, “माझं सेवापुस्तक स्वच्छ आहे. अडचण एवढीच की माझ्या घरात सगळे ठणठणीत आहेत.”

मग व्हरांडा. माझ्या खिशात दोन पानं होती, माफीची, पाठ केलेली. तुम्ही पिशवी खांद्याला लावत होतात. मी तोंड उघडलं, तर तुम्हीच बोललात.

“दुकानाची किल्ली कोणाकडे असते?”

“मोठ्या मुलाकडे.”

“मग एकोणीस आणि वीसची सकाळची पाळी तुझी. मी रात्रभर बसेन, सकाळी डोळा लागतो माझा. तिच्याजवळ कुणीतरी लागेल. सातला यायचं. सातनंतर खालचा माणूस आत सोडत नाही.”

आणि बससाठी जिना उतरून गेलात. मी ‘हो’ म्हणेपर्यंत तुम्ही खालच्या मजल्यावर होतात. ओरडून सांगितलं असतं, पण कचेरीत ओरडलो असतो तर पुन्हा शिक्षा झाली असती, आणि यावेळी ती खरोखरच माझ्या एकट्याची.

म्हणून हे पत्र. ती दोन पानं पाठवत नाही, तुम्ही ती परत पाठवाल, पाकीट उलटं करून.

दादा, येतो. दोन्ही दिवस. पावणेसातला.

कान्या